वायरलेसवरून आलेला बैल

बैल घ्यायचा म्हटलं की माणूस बाजारात जातो, दात पाहतो, शेपटी पिरगाळतो, चार पावलं चालवून बघतो आणि मग नाक मुरडतो. आमच्या काकांनी हे सगळं सोडून बैल वायरलेसवर चालवून दाखवा म्हणून हट्ट धरला होता. ही गोष्ट मी लग्नानंतर सासरी पहिल्यांदा सांगितली, तेव्हा सासऱ्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "सून हुशार आहे, पण हिच्या सांगण्यातलं अर्धं वजा करून घ्यायचं." तेव्हापासून ती मी कोणाला पूर्ण सांगितलीच नाही. आता सांगते. वजा काही करू नका.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. फौजेत ते सिग्नलमध्ये, वायरलेसच्या कामावर होते. अमडापूरला परत आल्यावर त्यांनी घरामागच्या मळ्यात वांगी आणि मेथी लावली, आणि मळ्याच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत स्वतःच्या हातांनी वायरलेसचा सेट बांधला. एरियलची तार कडुनिंबापासून चिंचेपर्यंत ताणलेली असे आणि तिच्यावर बसणाऱ्या कावळ्यांशी काकांचं वैर असे. हौशी लोकांना सरकार देतं तसलं रीतसर लायसन त्यांच्याकडे होतं. ते फ्रेम करून देवांच्या फोटोंच्या ओळीत टांगलेलं. सकाळी उदबत्ती ओवाळताना काकू त्यालाही ओवाळायच्या. म्हणायच्या, "घरच्या मानसाचा इतका येळ खाते म्हनजे देवच असन."

काकांचा फौजेतला दोस्त सोनाळ्याला होता, पार तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यांची संत्र्याची बाग होती. मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांच्याकडेही तसंच लायसन आणि तसाच सेट. रविवारी सकाळी दोघं हवेत भेटत. भेटत म्हणजे भांडत.

"तुहा आवाज आज डबड्यातून आल्यासारखा येऊन राह्यला. ओव्हर."

"आवाज बराबर हाय. तुहे कान डबडे झाले. ओव्हर."

त्या वर्षी मी खामगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणितात नापास झाले होते. ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहत घरी बसले होते. घरातले सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत. काका तेवढे एकदा दारात येऊन म्हणाले, "गनितात नापास झाली ना? मंग रिकामीच हायेस. चाल इकडं, कान लाव." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर दुसरा हेडफोन चढवला. त्या सबंध उन्हाळ्यात मला बरं वाटलेलं ते पहिलं वाक्य.

मुंबईत टीव्ही आल्याची बातमी तोवर जुनी झाली होती, पण आमच्याकडे कोणी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता. काकांना ते फार लागलं होतं. हवेतून आवाज जातो तर चित्र जायला काय हरकत आहे, आणि ते मुंबईवाल्यांनीच का पाठवायचं, हा त्यांचा मुद्दा होता. त्यात मामांचं कार्ड आलं. घरचा गोऱ्हा मोठा झाला आहे, त्याला जोड नाही, तुझा एक बैल थकला आहे, पाहिजे तर येऊन पाहा.

"मंग जा की एस.टी.नं," काकू म्हणाल्या.

"एस.टी.नं तं कोनीबी जाईन," काका म्हणाले.

अडचण एकच होती. लायसनच्या नियमाप्रमाणे हवेत व्यवहाराचं बोलायचं नाही आणि गुप्त भाषा वापरायची नाही. काका नियम म्हणजे नियम मानणारे. त्यामुळे पुढच्या रविवारी त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, "कार्ड पोचलं. त्या विषयावर आपुन हवेत बोलनार नाही. पन मले एक शास्त्रीय प्रयोग करायचा हाय. चालत्या जनावराचं चित्र हवेतून पाठवायचं. जनावर तू निवड. ओव्हर."

मग मामा म्हणाले, "कोनतं जनावर? ओव्हर."

"तुह्या गोठ्यात जे असन ते. ओव्हर."

"म्हैस चालन काय? ओव्हर."

काकांनी डोळे मिटले. "म्हैस नाही चालनार. ओव्हर."

मामांना कळलं नव्हतं असं नाही. काकांना छळायची एक संधी ते सोडत नसत.

चित्र पाठवायची रीत काकांनी ठरवली. सोनाळ्याला मामांची नवी सून होती, अकोल्याची, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेली. तिचा नवरा नोकरीला बाहेरगावी असे, पंधरवड्याने येई. तिने गोठ्यासमोर बसून चौकोनी कागदावर बैल काढायचा आणि चित्राच्या शेजारी दुसऱ्या कागदावर प्रत्येक चौकोनात नुसतं अक्षर लिहायचं, पांढऱ्याचं, करड्याचं किंवा काळ्याचं. तो अक्षरांचा कागद मामांनी वाचायचा, कारण लायसन त्यांच्या नावावर होतं. इकडे काकांनी आणि मी ऐकायचं आणि मी तसल्याच कागदावर शिसपेन्सिलीने चौकोन भरायचे. म्हणजे आमच्या दोघींमध्ये दोन म्हातारे आणि सबंध आभाळ, अशी ती व्यवस्था.

हवेत बोलायला पहिल्या रविवारी अक्षरांऐवजी आकडे वापरले. पांढरा एक, करडा दोन, काळा तीन. खरखरीत 'दोन'चा 'तीन' होई आणि 'एक' तर हवेतच विरून जाई. काका ओरडत, "काय म्हनला? एक का दोन?" शेवटी मामा चिडून ओरडले, "पांढरा रे बाप्पा, पांढरा! कापसासारखा पांढरा!" आणि त्या वाक्यातला 'कापूस' तेवढा शेजारी उभं राहून सांगावा तसा ऐकू आला. मग तेच ठरलं. पांढऱ्याला कापूस, करड्याला राख. काळ्याला कोळसा म्हणून पाहिलं, पण कापूस आणि कोळसा दोन्ही सुरुवातीला सारखेच वाजत, म्हणून कोळशाचं डांबर केलं. कापूस, राख, डांबर. कितीही खरखर असो, यातला एकही दुसऱ्यासारखा ऐकू येत नसे.

पण ही गुप्त भाषा वाटली तर? कुठे कोणी सरकारी माणूस ऐकत बसला असला तर? म्हणून दर रविवारी सुरुवातीलाच काका वऱ्हाडी सोडून भाषणाच्या मराठीत जाहीर करत, "सर्व ऐकणाऱ्यांस कळविण्यात येते की, कापूस म्हणजे पांढरा चौकोन, राख म्हणजे करडा चौकोन आणि डांबर म्हणजे काळा चौकोन. यात लपविण्यासारखे काहीही नाही." एवढं ऐकल्यावर कोणालाही संशय आलाच असता.

पहिलं चित्र भरून झालं तेव्हा कागद जवळजवळ कोराच होता.

"बैल कुठं हाय बे? ओव्हर."

"तोच तं हाय. पांढराफेक! ओव्हर."

पांढऱ्या कागदावर पांढरा बैल. कापसावर कापूस. कानाचे आणि खुरांचे चार डांबराचे ठिपके तेवढे हवेत लटकत होते. पुढच्या वेळेपासून बैलाच्या मागे सगळी राख धरायची असं ठरलं.

मग मामांना कंटाळा आला. "कापूस, कापूस, कापूस, कापूस" असं म्हणायला त्यांची जीभ दुखे. ते "कापूस चार, डांबर दोन" असं एकत्र सांगू लागले. काम झपाट्याने पुढे गेलं, पण एक आकडा बुडाला की त्याच्या पुढचं सगळं चित्र सरकत जाई. एकदा 'राख तीन' बुडालं आणि तिथून खालचा सबंध बैल डावीकडे गेला. मान एकीकडे, धड एकीकडे. काका म्हणाले, "हा तं कटला रे." तेव्हापासून दर ओळीच्या आधी मामांनी ओळीचा नंबर म्हणायचा आणि शेवटी त्या ओळीत डांबर एकूण किती ते सांगायचं. माझी बेरीज जमली नाही की मी काकांना चिमटा काढायची आणि ते ती ओळ पुन्हा मागायचे. मग बैल कापला गेला तरी एका ओळीपुरताच कापला जाई.

खरा वैरी मात्र वेगळाच होता. आमच्या मळ्याला लागून पिठाची गिरणी होती. लाइट आली की काकांचा सेट सुरू होई आणि लाइट आली की गिरणीही सुरू होई. तिची मोटर अशी ठिणग्या मारी की हेडफोनमध्ये कोणी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटे. काका गिरणीवाल्याशी बोलायला गेले. तो पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून म्हणाला, "बाबूजी, तुमच्या बैलापायी लोकाईच्या भाकरी बंद करू काय?" डबे घेऊन रांगेत बसलेल्या बायका हसल्या. काका परत आले.

गिरणी एकेक चौकोन खात नसे. एक डबा दळून होईपर्यंत ती चार-पाच ओळी सलग गिळून टाकी. नेमकं पायांच्या वेळी कोणाची ज्वारी पडली की बैलाला पायच उरत नसत. मी एका दुपारी गणिताचं पुस्तक समोर ठेवून बैलाचाच विचार करत होते, तेव्हा मला सुचलं. मामांनी ओळी सलग वाचूच नयेत. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक सगळ्या वाचाव्यात, मग दुसरी, चौथी, सहावी. गिरणीने चार ओळी गिळल्या तरी त्या एकमेकींच्या शेजारच्या नसणार. प्रत्येक हरवलेल्या ओळीच्या वर आणि खाली एकेक जिवंत ओळ असणार, आणि त्यांच्याकडे पाहून मधली भरता येईल.

काकांना पहिला अर्धा भाग पटला, दुसरा नाही. "अंदाजानं भरायचं नाही, पोरी. फौजेत अंदाज चालत नाही."

"वर कापूस, खाली कापूस, मग मधी काय राहीन? बैलाच्या पोटाले भोक असते काय?"

काकांनी कागदावरच्या बैलाच्या पोटावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पोटाचं भर. पायाचं भरू नको. पायाचं दोनदा मागून घेऊ." आणि तसंच चाललं. पाठ आणि पोट एकदाच, पाय दोनदा.

असा एक उभा बैल आमच्या घरी आला. काकूंनी तो देवघराजवळ लावला. पण काकांना चालता बैल पाहिजे होता. उभा बैल काय, लंगडाही उभा राहतो.

चालीची एक फेरी सहा चित्रांत बसवायचं ठरलं. सहाही पूर्ण पाठवायची तर दिवाळी उजाडली असती. म्हणून पहिलं चित्र पूर्ण आणि पुढच्या प्रत्येकात फक्त जे बदललं तेवढंच सांगायचं. "ओळ चौदावी, नववा चौकोन, डांबराची राख." मी मागच्या चित्राची नक्कल करायची, सांगितलेले चौकोन खोडरबराने पुसून नवे भरायचे. मामा खूश झाले, कारण वाचायला फार थोडं उरलं. दोन रविवारांत सहा चित्रं झाली. मी ती एका बाजूने दोऱ्याने शिवली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी अंगठ्याने पानं सरसर सोडली.

बैलाला पाच पाय होते.

दुसऱ्या चित्राच्या वेळी एका पायाचं 'कापसाची राख', 'डांबराची राख' सगळंच गिरणीत गेलं होतं. जुना पाय पुसलाच गेला नाही आणि नवा पाय शेजारी उगवला. मग तिसऱ्यात, चौथ्यात, शेवटपर्यंत तो जुना पाय जागच्या जागी गाडलेला, आणि बाकीचे चार त्याच्याभोवती चालतायत.

"अबे," काका माइकवर म्हणाले, "मी बैल मागितला होता, तू नंदीवाल्याचा पाच पायाचा धाडला. आता याच्या पाठीवर झूल टाकून दारोदार फिरू काय? ओव्हर."

आता माझी लेक परदेशातून फोनवर दिसते, तेव्हा कधीकधी तिचा चेहरा मधेच चौकोनांत फुटतो. ती मान वळवते आणि एक डोळा जुन्याच जागी राहून जातो. ती म्हणते, आई, नेटवर्क खराब आहे. मी म्हणते, असू दे, मागचा डोळा पुसायचा राहिला, पूर्ण चित्र आलं की जाईल. ती हसते. तिला वाटतं आई गमतीने बोलते.

पाचव्या पायावर उपाय तोच निघाला. दर दोन चित्रांनंतर एक चित्र पूर्ण पाठवायचं, मग चूक राहिली तरी तिथेच मरते. मामा कुरकुरले, पण तयार झाले. सुनेने पुन्हा नव्याने गोठ्यासमोर बसून सहा चित्रं काढली. आम्ही नव्याने सुरू केलं.

या वेळी पानं सोडली तेव्हा बैल खरंच चालला. इवलासा, चौकोनी, दातेरी कडांचा, पण चालला. काकू चूल सोडून पाहायला आल्या. आणि तिसऱ्यांदा पानं सोडताना काका थांबले.

"हा लंगडते," ते म्हणाले.

मी पाहिलं. मागचा उजवा पाय पुढे येतच नव्हता. अर्ध्यावर टेकत होता, आणि तो टेकताना मान खाली झुकत होती. कोणत्याही बाजारात कोणीही ओळखलं असतं.

काकांनी हे हवेत सांगितलं, तेव्हा मामांचा आवाज इतका चढला की सेटवरची सुई शेवटाला जाऊन टेकली. "लंगडी तुही गिरनी! माह्या गोठ्यात जन्मलेलं जनावर हाय ते! पायात कधी काटा नाही त्याच्या! ओव्हर!"

"मी जे आलं ते सांगून राह्यलो. ओव्हर."

"आलंच चुकीचं! तुह्या त्या डबड्यात चांगला घोडाबी लंगडन! ओव्हर!"

आणि तेवढ्यात एक तिसराच आवाज आला. स्वच्छ, हळू, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेला.

"क्षमा करा, मध्येच बोलतोय. मी पुण्याहून. गेले काही रविवार मी आपला बैल ऐकतोय."

काकांनी हेडफोन दाबून धरला. पुण्याच्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांनी सुरुवातीला ही काहीतरी भानगड असावी असं समजून ऐकायला घेतलं, मग त्यांनाही राहवेना आणि त्यांनीही चौकोनी कागद आणला. "आपल्याकडे सातवी ओळ बुडाली होती, ती माझ्याकडे आहे. हवी तर देतो. तुमच्या गिरणीचा त्रास इथे होत नाही. आणि वादात पडायची इच्छा नाही, परंतु..." ते थांबले. "माझ्याकडचा बैलही मागच्या उजव्या पायाने लंगडतोय."

दोन ठिकाणी, दोन माणसांच्या कानांत, सारखीच चूक व्हावी असं कसं होईल? मला तर काकांच्या बाजूचा पुरावा पक्का वाटला. मामा म्हणाले, "येऊन पाह्य. डोळ्यानं पाह्य. ओव्हर." आणि सेट बंद झाला. पुण्याच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "मी काही चुकीचं बोललो का?"

शेवटी एस.टी.नेच जावं लागलं. खामगावला एक गाडी बदलली, शेगावला दुसरी. शेगावला दर्शन घेतलं, स्टेशनाजवळ गरम कचोरी खाल्ली. खाताना काका एकदम म्हणाले, "पोरी, आपली मशीन खोटी निघाली तं?" एवढा धीट माणूस, पण त्यांचा चेहरा निकालाच्या दिवशी माझा होता तसा झाला होता.

सोनाळ्याला मामा डोक्यावर टोपी घालून, जाड भुवया जुळवून अंगणातच उभे होते. नमस्कार नाही, पाणी नाही. "सोड रे त्याले," ते गड्याला म्हणाले. गड्याने गोऱ्हा सोडला. पांढराफेक, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा, आणि काय चालला! अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चारही पाय मापून टाकल्यासारखे. परत आणला, पुन्हा नेला. कुठे लंगडण्याचा लवलेश नाही.

मामा नुसते हाताची घडी घालून काकांकडे पाहत राहिले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"चांगला चालते," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"मंग आता हवेत नाही, जमिनीवर हायेस. बोल. घेतो का नाही?"

मी आत स्वयंपाकघरात गेले. मामांची सून, जिच्या हाताची अक्षरं मी इतके रविवार ऐकली होती, ती चुलीपुढे बसली होती. माझ्याच वयाची, बारीक, बोटांना शिसाचा डाग. मी म्हटलं, "वहिनी, तुमचा बैल घरी देवघराजवळ लावलाय आम्ही." ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई," ती म्हणाली, "तो लंगडत नाही. मीच लंगडवला."

मला आधी समजलंच नाही.

ती शहरातली. सासरी आली तेव्हा गोठ्याकडे जायची तिला भीती वाटे. जनावराने शेपटी हलवली तरी ती पळे, आणि गडीमाणसं हसत. मग हा प्रयोग सुरू झाला आणि सासऱ्यांनी तिला रोज कागद घेऊन गोऱ्ह्यासमोर बसवलं. पहिल्या दिवशी ती लांब, दाराबाहेर बसली. मग दारात. मग आत. पाय कसा वळतो ते पाहायला जवळ जावंच लागे. तोही तिला ओळखू लागला. ती आली की मान लांब करी. तिच्या हातचा भाकरीचा तुकडा खाई. "या घरात मी बोलू तं कोनाशी? हे पंधरा दिवसानं येतात. मामाजी बोलतात, पन ओव्हर म्हनल्यासारखं. तो ऐकते तरी. अन् मग मले समजलं का हे चित्रं कशापायी चालू हायेत. त्याले विकायसाठी! मीच काढून राह्यली, अन् त्यानंच तो जाईन!"

म्हणून दुसऱ्या खेपेला तिने मागचा उजवा पाय अर्ध्यावर टेकवला. मान झुकवली. सासऱ्यांच्या हातात तर नुसती अक्षरं, त्यांना काय दिसणार?

आम्ही गिरणीशी लढलो, खरखरीशी लढलो, ओळी आलटूनपालटून मागितल्या, पाय दोनदा मागितले, पुण्याहून पडताळा आला. आणि लंगडणं निघालं ते थेट उगमातच!

काका विहिरीवर हात धूत होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हनजे तिनं लंगडा पाठवला?"

"हो."

"अन् आपल्याले लंगडाच आला?"

"हो."

"म्हनजे जे पाठवलं ते जसंच्या तसं पोचलं!" त्यांनी माझा खांदा इतका हलवला की माझा पदर विहिरीच्या पाण्यात भिजला. "अबे, इतकी मोठी गोष्ट हाय ही! गिरनी चालू असतानी! पाय न् पाय बराबर!" ते दोन पावलं अंगणाकडे धावलेच, मामांना सांगायला. आणि थांबले.

सांगायचं म्हणजे सुनेचं नाव घ्यावं लागणार होतं.

ते तिथेच उभे राहिले, ओल्या हातांनी. मग त्यांनी उपरण्याने हात पुसले, अंगणात गेले, गोऱ्ह्याभोवती एक चक्कर मारली आणि मामांना म्हणाले, "नाही जमत गड्या. मले अजूनबी थोडा लंगडतानीच दिसते."

"आत्ता चांगला म्हनला ना बे!"

"म्हनलो. आता नाही म्हनत."

"डोळे गेले तुहे!"

"गेले असतीन."

"अन् तुही मशीन भंगार हाय! मान्य कर!"

काकांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "हाव," ते म्हणाले, "भंगार हाय."

स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. त्या दिवशी आम्हाला वाढताना वहिनींनी काकांच्या ताटात तूप इतकं वाढलं की वरण दिसेना. मामा म्हणाले, "अव, आंधळ्याले कशाले एवढं?" काका खाली मान घालून जेवले. मला ठाऊक होतं, ते हसत होते.

गोऱ्ह्याला पुढे मामांनीच जोड शोधून आणली. काकांनी थकलेल्या बैलासाठी मेहकरच्या बाजारातून दुसरा घेतला, दात पाहून, शेपटी पिरगाळून. ऑक्टोबरात मी गणितात सुटले. मामा मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं हवेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला, हैदराबादचा असो की भोपाळचा, मोडक्या हिंदीत ती कहाणी ऐकवत, आणि काका प्रत्येक वेळी म्हणत, "हाँ जी, अपनी मशीन में ही खराबी थी." पुण्याचे गृहस्थ एकदा अस्वस्थ होऊन म्हणाले की त्यांच्याकडेही लंगडाच आला होता, हे गणिताने पटत नाही. काका घाईघाईने म्हणाले, "साहेब, हवामानाचा विषय आहे. सोडून द्या."

चित्रं पाठवणं मात्र थांबलं नाही. आता त्यात व्यवहार नव्हता, नुसती हौस होती. वहिनी आपल्या मनाने काहीबाही काढत. संत्र्याचं झाड, झोपलेलं मांजर, विहिरीवरची बाई. मामा समोरच्या कागदावरची अक्षरं इमानाने वाचत. त्यांना चित्र काय आहे ते विचारायचा कंटाळा होता. ते आम्हीच त्यांना शेवटी सांगायचं.

एका रविवारी चित्र भरता भरता मी थबकले. वर टोपी आली. टोपीखाली दोन मोठे कान. मग भुवया, दोन सुरवंट समोरासमोर यावेत तशा. काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि पटकन माइकचं बटण सोडलं, हसू पलीकडे जाऊ नये म्हणून. हेडफोनमध्ये मामा अगदी गंभीरपणे, पोथी वाचावी तसे वाचत होते, "ओळ अकरावी. राख सहा. डांबर एक. कापूस दोन..." तोंड उघडं होतं, भांडताना उघडतं तसं. मामाच. दुसरं कोणीही नाही.

चित्र संपलं. "सबंध चित्रात डांबर सव्वीस. ओव्हर," मामा म्हणाले. मग कुतूहलाने, "सूनबाई सांगत नाही, नुसती हसून राह्यली. काय निघालं? ओव्हर."

काकांनी उपरणं तोंडात कोंबलं होतं. ते काढून, आवाज जमेल तेवढा सरळ करून ते म्हणाले, "मोठा मानूस निघाला. ओव्हर."

"पुढारी हाय काय? ओव्हर."

"त्याहून मोठा. पन नाकाच्या दोन ओळी नीट नाही आल्या. पुन्हा वाच. सावकाश. ओव्हर."

आणि मामांनी कागद डोळ्यांजवळ धरला असावा, कारण कागदाची सळसळ ऐकू आली. मग एकेक शब्द तोडत, मोठ्या मनाने, त्यांनी आपलं नाक आम्हाला दुसऱ्यांदा वाचून दाखवलं.